काळा खडू

विठ्ठला,

शाळा सुटली, वर्ग रिकामा झाला. मागच्या बाकावर राहिलेला एक कागद घेऊन तुझ्यासमोर बसले आहे.

तुला ठाऊकच आहे, तरी सांगते. हा कागद ज्याचा, त्या मुलाचे वडील पावसाळ्याच्या तोंडावर गेले. तेव्हापासून तो वर्गात बोलत नव्हता. आज मी फळ्यावर नेहमीचा देखावा काढून दिला: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी. त्यानं झोपडी काढली आणि काळा तेलखडू घेऊन ती घोटत राहिला. दार गेलं, खिडकी गेली, सूर्यही गेला. बोटभर खडू नखाएवढा झाला, कागद चकाकायला लागला. आणि मी म्हणाले, "अरे, चित्र खराब केलंस. सूर्य कुठाय?"

तो म्हणाला, "बाई, तेव्हा लाइट गेली होती."

इतक्या दिवसांत तो बोललेलं हे पहिलं वाक्य. देवा, मला क्षमा कर. तू स्वतः काळा, तुझ्या काळ्या रूपावरून संतांनी जीव ओवाळून टाकला, आणि मी एका लेकराच्या काळ्या रंगाला भ्याले. त्याच्याकडे सांगायला रात्र होती, मी त्याला देखावा मागत होते.

अशा वेळी मुलांना हवं ते काढू देणाऱ्या फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या चित्रकार बाई आठवतात; त्यांच्यासाठी तुझे आभार मानते. १९४२च्या डिसेंबरात नाझींनी त्यांना टेरेझीनच्या बंदिवासात पाठवलं. तिथं मिळेल त्या रद्दी कागदावर त्यांनी मुलांना चित्रं काढू दिली: सुटलेली घरं, फुलं, एकावर एक रचलेले फळ्यांचे बिछाने. प्रत्येकाला आपल्या चित्रावर आपलं नाव लिहायला लावलं. १९४४च्या ऑक्टोबरात त्यांना आउशवित्झला नेऊन मारलं. त्याआधी सुमारे ४,५०० चित्रं दोन सुटकेसांत भरून मागे राहिली. ती काढणारी बहुतेक मुलं वाचली नाहीत. त्यांची नावं त्या कागदांवर आहेत.

विठ्ठला, माझ्याकडे एवढं धैर्य नाही. मला तुझं नुसतं उभं राहणं दे. तू कमरेवर हात ठेवून उभा राहतोस, आलेल्याचं ऐकून घेतोस. माझेही हात कमरेवरच राहू देत, मुलाच्या कागदावर रेघ सुधारायला जाऊ नयेत. चित्र पाहून मीच अर्थ लावायची घाई मला नको. "याच्याबद्दल सांगतोस का?" एवढंच विचारून थांबता येऊ दे. तो गप्प राहिला, तर ते गप्प राहणंही मला सोसू दे. आणि एखाद्या कागदावर मारणारा हात दिसला, तर तो कागद कपाटात ठेवून मी घरी जाऊ नये. त्या लेकरासाठी धावून जायचं बळ दे.

चित्र काढल्यानं त्याचे वडील परत येणार नाहीत, हे मी जाणते. पण जे तोंडातून निघत नव्हतं, ते आज हातातून निघालं.

या कागदाच्या कोपऱ्यात नाव नाही. उद्या त्याच्याकडून लिहून घेईन. आणि पेटीत एक अख्खा काळा खडू ठेवीन. त्याला लागेल तितका तो वापरू दे, देवा. मी शेजारी उभी आहे.