प्रश्न अवघड की चांगला?

प्रिय बाई,


सहावीचा विज्ञानाचा पेपर यंदा तुमच्याकडे आलाय. हुशार मुलांचा कस लागावा म्हणून तो अवघड काढायचा तुमचा विचार दिसतो. जरूर काढा, पण नुसत्या अवघडपणाने मुलामुलांतला फरक कळत नाही. शास्त्रज्ञाचं जन्मसाल विचारलं, तर ज्याने आदल्या रात्री घोकलं त्यालाच येईल.

प्रश्न कसा होता, ते पेपर तपासल्यावर कळतं. वर्गात ४० मुलं असतील, तर एकूण गुणांप्रमाणे गठ्ठा लावून वरचे ११ आणि खालचे ११ पेपर काढा, बी.एड.ला शिकलेले २७ टक्के ते हेच. मग एकेक प्रश्न दोन्ही गटांत किती जणांना आला, ते मोजा. वर ९ जणांना, खाली ३ जणांना आला, तर फरक ६. त्याला ११ने भागलं की भेदनमूल्य ०.५५. ०.४०च्या वर छान, ०.२०च्या खाली गेला, तर प्रश्न पुन्हा बघायचा. मात्र एवढ्याशा वर्गात दोन मुलांनीही आकडा हलतो, म्हणून सोबत उत्तरंही वाचा.

आकडा उणे आला, म्हणजे वरच्यांपेक्षा खालच्या गटातच जास्त जणांना उत्तर आलं, तर आधी प्रश्नावर संशय घ्या. ‘पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते : चूक की बरोबर?’ उंचावर ते आधीच उकळतं हे वाचलेली मुलगी ‘चूक’ लिहिते आणि गुण गमावते. त्यापेक्षा असं विचारा : ‘महाबळेश्वरला उघड्या पातेल्यातलं पाणी १०० अंशांच्या आधीच उकळतं. तिथे डाळ शिजायला मुंबईपेक्षा जास्त वेळ का लागेल?’ माहिती आपण पुरवली, विचार तिने करायचा. पर्याय द्यायचे, तर मुलांच्या खऱ्या गैरसमजांतून घ्या. ‘आच वाढवली की उकळतं पाणी आणखी तापतं’ असं कितीतरी जणांना वाटतं. कुणीच निवडणार नाही असा पर्याय नुसती जागा अडवतो.

होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेचे जुने पेपर जरूर चाळा, पण तसेच्या तसे उचलू नका. तिथे हजारोंतून थोडे निवडायचे असतात, लेखीनंतर प्रात्यक्षिकही असतं. तुम्हाला मात्र सगळा वर्ग पुढे न्यायचाय. म्हणून सुरुवातीला सगळ्यांना येतील असे दोन-चार प्रश्न ठेवा. त्यांचं भेदनमूल्य शून्याजवळ आलं, तरी बिघडत नाही. शिकवलेलं पोचलं की नाही, ते त्यांतूनच समजतं.

गुण भरले की गठ्ठा लगेच कपाटात टाकू नका. ही मोजणी एका दुपारची आहे, आणि पुढच्या वर्षीचा पेपर तिच्यातूनच निघतो.

तुमची,
एक जुनी विज्ञानशिक्षिका