आधार आणि आहार

पेरू देशात, इंका राजांनी पंधराव्या शतकात वसवलेल्या माचू पिचूकडे जाणाऱ्या डोंगरवाटेवर एक भग्न ठाणे आहे. त्याचे नाव विन्याय वायना. क्वेचुआ भाषेत याचा अर्थ 'सदा तरुण'. आणि हे नाव मिळाले ते तिथल्या उतारांवर फुलणाऱ्या एका रानटी ऑर्किडवरून. राजे गेले, फुलाचे नाव राहिले.

'सदा तरुण' म्हटले की आपल्याला मार्कंडेय आठवतो. गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात, वैनगंगा जिथे उत्तरेकडे वळते तिथे त्याच्या नावाचे मार्कंड्याचे प्राचीन देवालय उभे आहे. सोळाव्या वर्षी यम न्यायला आला तेव्हा या मुलाने शस्त्र उचलले नाही; शिवाच्या पिंडीला मिठी मारली. म्हणजे आपला हा चिरंजीव स्वतःच्या बळावर तरला नाही, आधाराला बिलगून तरला. स्वावलंबनाची थोरवी शाळेपासून ऐकत आलेल्या माणसाला ही कथा थोडी अडचणीत टाकते. दुसऱ्याच्या आधाराने जगणे हा दोष मानायचा काय?

या प्रश्नाचे एक उत्तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातच झाडावर बसलेले आहे. तिथल्या मोहांवर, आंब्यांवर व्हँडा नावाची आमरी वाढते. आमरी म्हणजेच ऑर्किड. पन्हळीसारखी वाकलेली चिवट पाने, हवेत लोंबणारी जाड, पांढुरकी मुळे, आणि पिवळट-तपकिरी पाकळ्यांवर चौकटींची नक्षी असलेली सुवासिक फुले. तिचे हे नाव मूळचे संस्कृत, 'वंदा'. कलकत्त्याचे न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ते वनस्पतिशास्त्रात नेले. पण संस्कृतात हाच शब्द बांडगुळालाही लावतात. झाडावर बसले ते सगळे एकाच माळेचे मणी, असा निकाल नावातच लागून गेला!

हा निकाल मात्र खरा नाही. बांडगूळ आपले मूळ फांदीच्या लाकडात घुसवते आणि झाडाने जमिनीतून ओढलेले पाणी व क्षार मधल्यामध्ये पळवते. व्हँडाची मुळे सालीला नुसती धरून असतात. त्यांच्यावर स्पंजासारखे आवरण असते. पावसाचे पाणी त्यात मुरते, आणि सालीच्या खाचांत कुजलेल्या पाचोळ्यातून तिला क्षार मिळतात. झाड तिचा आधार आहे, आहार नाही. कोण कोणावर टेकला आहे एवढ्यावरून बरेवाईट ठरवता येत नाही. टेकलेल्याने आत मूळ घातले की नाही, हे पाहावे लागते.

कुणी म्हणेल, तिने आधारही न घेता जगावे, ते अधिक चांगले नाही काय? पण आमरीचे बी धुळीच्या कणाएवढे. त्यात शिदोरी बांधलेली नसते. बुरशीने अन्न पुरवले तरच ते रुजते, हे फ्रान्सच्या नोएल बेर्नार यांनी १८९९ मध्ये ओळखले. जन्मताना कुणीतरी भरवलेले असते, हे आमरीला जितके खरे तितकेच आईच्या मांडीवर वाढलेल्या माणसालाही. संपूर्ण स्वावलंबन हे पुष्कळदा विसरलेल्या ऋणालाच दिलेले भारदस्त नाव असते.

तरीही आमरीच्या निरुपद्रवीपणावर माणसाचे भागत नाही. मोह तोडला की तीही खाली येते. कुऱ्हाड अडवणे तिच्या हाती नाही, माणसाच्या हाती आहे. रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांकडे सरकार फार काळ जोन्ससाहेबांच्याच नजरेने पाहत आले. रानाशी राहतो तो रान खातो, असा तो हिशेब. २००६ च्या वनहक्क कायद्याने हा अन्याय कबूल केला, आणि २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गाव रानातून बांबू घेते, आणि रान राखतेही. आमरीला न जमणारी गोष्ट ती हीच.

मग बांडगूळ कोण? चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. तिथे कोळसा जळतो आणि दूरदूरच्या घरांत दिवे लागतात. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरातून लोखंडाचा दगड निघतो. आपण शहरात बसून मोहाच्या झाडाला कधी बोटही लावलेले नसते. पण आपली मुळे किती खोल गेली आहेत! वीज नको, लोखंड नको, असे म्हणणे ढोंग होईल. आपण आमरी नव्हे, आपल्याला आहारही लागतो. पण ज्याच्यापासून घ्यायचे ते जिवंत राहील इतकेच घेणे आणि त्याच्या राखणीला हात लावणे, एवढे तरी आपल्याकडून मागता येईल. मेंढ्याच्या माणसांनी ते करून दाखवले आहे. या दिवाळीत घरोघरी जे दिवे लागतील त्यांतले कितीतरी त्याच मुलखाच्या कोळशावर उजळतील. त्या उजेडात बसून कुणाला बांडगूळ म्हणण्याआधी आपण आपली मुळे तपासावीत, हे बरे.