आधीं बसावें, मग बांधावें

(शास्त्रपाठ : लूक १४ : २८-३०, नीतिसूत्रें २४ : २७)



आपला प्रभु सुताराच्या घरांत वाढला. तेव्हां बांधणाऱ्याची घाई, लांकडाचा भाव, अर्धवट राहिलेली भिंत आणि तिच्याकडे बोट दाखविणारे शेजारी, हें सर्व त्याच्या डोळ्यांखालून गेलेंच असावें. शिष्य होण्यास काय किंमत पडते हें लोकांस सांगतांना त्यानें बुरूज बांधूं पाहणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत घेतला. शहाणा मनुष्य आधीं काय करितो? तो दगड आणावयास धांवत नाहीं, गवंड्यास विसार देत नाहीं. तो खालीं बसतो आणि आपल्याजवळ काय आहे तें मोजतो. दृष्टांताचा रोख शिष्यत्वाकडे आहे हें खरें. परंतु जी गोष्ट प्रभूनें सर्वांस ठाऊक आहे असें धरून सांगितली, ती आपल्या गांवांत अजून नीट शिकावयाची राहिली आहे. म्हणून आज त्या दृष्टांताच्या साध्या अर्थापाशींच थांबूं.

कोणत्याही गांवच्या नव्या वस्तींत जाऊन पाहा. चार खांब उभे असतात, त्यांच्या माथ्यावर गंजलेल्या सळया तशाच असतात, आणि घरधनी शेजारींच पत्र्याच्या खोपटांत पावसाळ्यामागून पावसाळा काढीत असतो. पैसे संपले, व्याज मात्र संपलें नाहीं.

ह्या मनुष्याला हंसूं नये. ज्यांच्या आजोबापणजोबांस गांवकुसाबाहेर, दुसऱ्यानें दाखविलेल्या जागेवर, कुडाच्या झोंपडींत जन्म काढावा लागला, त्यांस पक्क्या घराची ओढ इतरांहून अधिक असणारच. चार खोल्या व वर गच्ची असें घर म्हणजे त्यांच्या मनांत नुसता निवारा नव्हे. आम्हीही माणसें आहों ही साक्ष आहे. ही इच्छा पापाची नाहीं. नवें घर बांधून ज्यानें त्याचें समर्पण केलें नसेल, त्याला लढाईवरून देखील परत जाऊं द्यावें, अशी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रांत आहे (अनुवाद २० : ५). घराच्या आनंदाला देव इतका मान देतो. पण त्याच आनंदाला सावकाराच्या वहींत गहाण टाकणें ही निराळी गोष्ट होय.

कित्येक भाविक म्हणतात, "हिशेब कशाला? देव पुरवील." ऐकावयास हें फार गोड लागतें. परंतु देवानें नोहाला तारू बांधावयास सांगितलें, तेव्हां लांबी ३०० हात, रुंदी ५० हात, उंची ३० हात, असें माप आधीं दिलें (उत्पत्ति ६ : १५). योवाश राजाच्या काळीं मंदिराच्या दुरुस्तीचा पैसा पेटींत जमे, तेव्हां राजाचा लेखक व मुख्य याजक असे दोघे मिळून तो मोजीत (२ राजे १२ : १०). मंदिराच्या पैशाला दोन माणसांची मोजणी लागली, तर आपल्या घराच्या पैशाला एकाच माणसाचा अंदाज कसा पुरेल? मोजणें हा अविश्वास नव्हे. देवानें जें दिलें आहे तें किती आहे हें पाहण्यास भिणें, ह्यालाच माझ्या मतें अविश्वास म्हणावें.

नीतिसूत्रांत कामाचा क्रम सांगितला आहे : आधीं बाहेरचें काम, शेताची तयारी, आणि नंतर घर. हें वचन शेतकऱ्यानें उंबरठ्यावर कोरून ठेवावें असें आहे. बैलजोडी विकून पाया खणला, किंवा विहिरीवरची मोटर गहाण टाकून छत घातलें, तर त्या छताखालीं खाणार काय? बियाण्याचा, खताचा व मुलांच्या शाळेचा पैसा आधीं बाजूला काढून जें उरेल, तेंच घराचें भांडवल.

आतां बसावयाचें तें कोणीं? एकट्या पुरुषानें नव्हे. पतिपत्नी, म्हातारी आई, कळता मुलगा, सुजाण मुलगी, सर्वांनीं बसावें. चुलीची व मोरीची जागा ज्या घरांत फक्त पुरुष ठरवितात, त्या घरांत धूर कोणाच्या डोळ्यांत जातो हें सांगावयास नको. शिवाय डब्यांत, बचत गटांत व भिशींत किती पैसे आहेत, हें बहुधा बाईलाच ठीक ठाऊक असतें.

एक हिशेब मांडून पाहूं. समजा, एका कुटुंबाजवळ ३,००,००० रुपये शिल्लक आहेत, आणि पंतप्रधान आवास योजनेच्या यादींत त्याचें नांव आलें आहे. २०१६ सालीं सुरू झालेल्या ह्या ग्रामीण योजनेंत मैदानी भागांत घरामागें १,२०,००० रुपये मूळ साहाय्य ठरलें, आणि स्वयंपाकाच्या जागेसकट घर निदान २५ चौरस मीटर असावें असा नियम झाला. एकूण जवळ आले ४,२०,००० रुपये. हा साहाय्याचा पैसा एकदम हातीं येत नाहीं. काम जसजसें वर चढेल तसतसा हप्त्यांनीं येतो, हेंही ध्यानांत ठेवावें. गवंड्यानें सर्व मालमजुरीसह चौरस फुटास १,५०० रुपये सांगितले असें धरूं.

घरधन्याच्या मनांत ५०० चौरस फुटांचें घर आहे. त्याचे ७,५०,००० झाले. पण गवंड्याच्या तोंडच्या भावांत वीजजोडणी नसते, शौचालयाचा खड्डा नसतो, पाण्याची टांकी नसते, आणि मध्येंच चढणारा सळईचा भावही नसतो. ह्या सर्वांसाठीं दहावा हिस्सा, म्हणजे ७५,०००, निराळा ठेवलाच पाहिजे. बेरीज ८,२५,०००. तूट ४,०५,०००. ही रक्कम सावकाराकडून दरमहा शेकडा ३ रुपयांनीं काढली, तर दर महिन्यास १२,१५० रुपये व वर्षास १,४५,८०० रुपये नुसतें व्याज. मुद्दल जागच्या जागीं. तीन वर्षांत व्याज मुद्दलाच्याही पुढें जातें. "तीन रुपये" हा शब्द कानाला लहान वाटतो. वर्षाचे ते शेंकडा ३६ होतात, हें कागदावर मांडल्याविना दिसत नाहीं.

आतां तेंच कुटुंब २७० चौरस फूट, म्हणजे वर सांगितलेल्या २५ चौरस मीटरांएवढेंच बांधील तर? ४,०५,००० बांधकाम, ४०,५०० वरखर्च, एकूण ४,४५,५००. तूट अवघी २५,५०० रुपये. पाया स्वतः खणावा, भराव स्वतः घालावा, पाणी घरच्यांनींच मारावें, आणि गृहप्रवेशाची जेवणावळ प्रार्थना व चहा एवढ्यावर आणावी. ही तूट एका हंगामांत भरून निघण्यासारखी आहे. नकाशा मात्र असा असावा कीं, पुढें देव देईल तेव्हां मागील भिंतीला लागून आणखी खोल्या वाढवितां येतील. मोठें अपुरें घर व लहान पुरें घर ह्यांत मी तरी दुसरेंच निवडीन. बँकेचें किंवा पतसंस्थेचें कर्ज सर्वथा वर्ज्य आहे असें माझें म्हणणें नाहीं. पण पीक बुडालें त्या वर्षींही हप्ता देतां येईल काय, हें विचारून मगच आंगठा किंवा सही करावी.

लहान घर म्हणजे कच्चें घर नव्हे. काटकसर कोठें करावी व कोठें करूं नये, हें न कळल्यामुळें मोठे अनर्थ झाले आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारों माणसें झोंपेंतच दडपून मेलीं. तेथल्या भिंती हातदोन हात जाड होत्या, गरिबाच्या नव्हत्या. पण दगड मातींत रचलेले, आंतली व बाहेरची बाजू एकमेकींस बांधलेली नाहीं, आणि वर मातीच्या थरांचें जड माळवद. जाडी होती, जोड नव्हता. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड दर दोन फूट उंचीवर व चार फुटांच्या अंतरानें घालणें, आणि दारांखिडक्यांच्या माथ्यावरून सगळ्या घराभोंवतीं सळईचा काँक्रीटचा पट्टा फिरविणें, ह्यांत फार पैसा जात नाहीं. तो पैसा वांचवूं नये.

प्रभूनें खडक व वाळू ह्यांचा दृष्टांत दिला. आपल्याकडे त्याच्या जोडीला काळी माती आहे. ती पावसांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते, आणि तिच्यावर टेकलेली भिंत चिरते. मुरूम लागेपर्यंत खणलें पाहिजे. खोदाईच्या मजुरीकडे पाहून अर्ध्यावर थांबणारा पुढें दर वर्षीं भेगा बुजवीत बसतो. सिमेंट स्वस्त मिळालें म्हणून आधींच भरून ठेवूं नये. तीन महिने पडून राहिल्यास त्याची शक्ति सुमारें पांचव्या हिश्शानें घटते. आणि काँक्रीटला निदान सात दिवस, राखमिश्रित सिमेंट असेल तर दहा दिवस, ओलें ठेवावें. विहिरीला पाणी असतें तेव्हां, म्हणजे दिवाळीनंतर, काम धरावें व मृगाच्या आंत छत पुरें करावें.

काटकसरीचा खरा मार्ग दाखविणारा एक मनुष्य येथें आठवतो. लॉरी बेकर हे इंग्रज क्वेकर बांधकामतज्ज्ञ १९४५ सालीं कुष्ठरोग्यांच्या मिशनच्या कामासाठीं हिंदुस्थानांत आले आणि २००७ सालीं केरळांत वारले. जवळपास मिळेल त्याच मालानें घर बांधावें, हा गांधीजींचा विचार त्यांनीं आयुष्यभर पाळला. विटा आडव्या न ठेवतां कडेवर उभ्या लावून मध्यें पोकळी सोडण्याची रीत त्यांनीं पुष्कळ घरांत वापरली. तिनें सुमारें चवथाई विटा वांचतात व घर थंड राहतें. ही भिंत जाणत्या गवंड्याच्या हातूनच बांधवावी. गिलाव्यावरचा, रंगावरचा व दर्शनी नक्षीवरचा खर्च त्यांनीं निर्दयपणें कापला. पायावरचा कापला नाहीं.

एक रकम अशी आहे कीं, पैसे तोकडे पडले म्हणजे प्रथम तिच्यावरच हात पडतो. ती म्हणजे मजुरी. सिमेंटवाला उधार देत नाहीं, सळईवाला देत नाहीं. बिगारी बाई मात्र पुढच्या बाजारापर्यंत थांबते, कारण तिला दुसरी वाट नसते. शेजाऱ्याकडून फुकट काम करून घेऊन घर उभारणाऱ्या राजावर यिर्मया संदेष्ट्यानें हाय हाय केली (यिर्मया २२ : १३), आणि तो राजा तर गंधसरूच्या माड्या बांधीत होता. म्हणून मजुरीचा पैसा निराळ्या थैलींत ठेवावा, व बाजाराच्या आदल्या सायंकाळीं तो चुकता करावा. उपदेशक बंधूंनीं मंडळींतील बांधकामावर सहज जाऊन विटांबरोबर हेंही विचारीत जावें.

शेवटीं एक लहानशी बाब. नवें घर बांधशील तेव्हां छताला कठडा कर, नाहींतर कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, अशा अर्थाची आज्ञा अनुवाद २२ : ८ मध्यें आहे. आपल्याकडे गच्चीवर मिरच्या वाळत घालतात, उन्हाळ्यांत मुलें झोंपतात, आणि कठडा "पुढच्या वर्षीं पाहूं" म्हणून राहतो. बसून हिशेब कराल तेव्हां कठड्याच्या विटा, सिमेंट व मजुरी वहीच्या पहिल्याच पानावर, पायाच्या खर्चाखालीं लिहा, आणि छत पडल्यावर त्याच आठवड्यांत तो बांधवून घ्या.