पणाला काय लावलं?

(मे महिन्यातली नागपूरची दुपार. पारा ४५ अंशांच्या आसपास, रस्ते ओस, घरोघरी कूलरची घरघर. धरमपेठेतल्या एका घरात गणिताचे निवृत्त शिक्षक असलेले मामा आणि कायद्याचा अभ्यास करणारी त्यांची भाची. मामा रोज रात्री ऑनलाइन बुद्धिबळ खेळतात. देशोदेशींच्या हौशी खेळाडूंचा त्यांचा एक ग्रुप आहे. मामीने तक्रार भाचीच्या कानावर घातली आहे.)

भाची : मामा, परवाच्या लग्नात तुम्ही ताटावर बसून जमिनीकडेच पाहत होते म्हणे.

मामा : फरशी काळी-पांढरी होती. घोडा दारापासून आइसक्रीमच्या स्टॉलपर्यंत किती चालींत पोचेल, ते मोजून राहिलो होतो.

भाची : आणि भाजीवाल्याला म्हणाले, "ड्रॉ घे"?

मामा : त्याने चाळीस सांगितले, मी तीस म्हटलं, पस्तीसला तुटलं. ड्रॉच झाला ना तो? मामीपण हसली होती.

भाची : रात्री दोन वाजता तुमच्या खोलीतून हसण्याचा आवाज येतो, तेव्हा ती हसत नाही. खरं सांगा, हा नाद तुम्हाला सोडता येईल?

मामा : सोडता येईल का, हा नंतरचा प्रश्न. सोडावा का, हे आधी ठरव. २०२० ची टाळेबंदी आठव. समय रैना नावाच्या विनोदी कलाकाराने बुद्धिबळाचे डाव इंटरनेटवर दाखवायला सुरुवात केली. आपल्या नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी त्यात असायचा. गंभीर चेहऱ्याने खेळायचा हा खेळ, असं मी जन्मभर मानत आलो होतो. ही मंडळी वजीर फुकट गेला तरी पोट धरून हसत होती. मला तिथून ग्रुप मिळाला. बेळगावचा एक छपाईवाला, लातूरची एक नर्स, ब्राझीलचा एक बस ड्रायव्हर. माझे शाळेतले सोबती आता मुलांकडे, कोणी पुण्याला, कोणी अमेरिकेत. मी रोज ज्यांच्याशी हसतो, ती माणसं खोटी कशी?

भाची : माणसं खोटी आहेत असं मी म्हणतच नाही. २०२० मध्येच इंटरनेटवर बुद्धिबळाचं ऑलिंपियाड झालं. अंतिम सामन्यात भारताच्या निहाल सरिन आणि आपली दिव्या देशमुख यांचं कनेक्शन तुटलं, आणि शेवटी भारत आणि रशिया संयुक्त विजेते ठरले. पडद्यावरचा खेळही खराच असतो.

मामा : बरं झालं तूच दिव्याचं नाव काढलंस. २८ जुलै २०२५ ला तिने जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला. वय एकोणीस. त्याच विजयाने ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. परतली तेव्हा नागपूर विमानतळावर लोटलं होतं. आता मला सांग, ती रात्र जागली तर साधना आणि मी जागलो तर व्यसन? फरक काय तो एका चषकाचा?

भाची : चषकाचा नाही. हरलेल्या डावाचं काय करता, त्याचा. स्पर्धेचा खेळाडू तो डाव पुन्हा मांडतो, चूक कुठे झाली ते शोधतो. तुम्ही हरले की काय करता?

मामा : नवा डाव.

भाची : लगेच?

मामा : लगेच. पण थांब, मला हे मान्य नाही. सुधारण्यासाठीच खेळायचं तर ती नोकरी झाली. आयुष्यभर मी पोरांना मार्कांसाठी गणित शिकवलं. एखादी गोष्ट कशासाठीही नसावी, नुसती करावी, हे सुख मला साठीनंतर मिळालं. ते तू साधनेच्या तराजूत घालू नको.

भाची : बरोबर आहे तुमचं. हा मुद्दा मी मागे घेते. मग दुसरं विचारते. रात्री अकराला बसता आणि दोनला उठता. मधल्या वेळात उठावंसं वाटत नाही, की उठता येत नाही?

मामा : याचं उत्तर गणितात आहे. आर्पाद एलो हा हंगेरीत जन्मलेला, अमेरिकेत राहिलेला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. त्याने खेळाडूंचं बळ आकड्यात मांडायची पद्धत बसवली, जागतिक महासंघाने १९७० मध्ये ती स्वीकारली. आज संकेतस्थळं तिच्यासारख्याच आकड्यांवर चालतात आणि बरोबरीच्याशीच गाठ घालून देतात. जिंकलो की आकडा वाढतो, समोरचा तगडा येतो. हरलो की आकडा उतरतो, समोरचा हलका येतो. म्हणून जन्मभर खेळलो तरी साधारण निम्मेच डाव जिंकणार.

भाची : मग "एक डाव जिंकला की झोपतो" याला अर्थ काय?

मामा : काही नाही. जिंकलो की वाटतं हात चालून राहिला, आता कशाला उठायचं. हरलो की वाटतं हरून कसं झोपायचं. दोन्हीकडून उत्तर एकच, अजून एक. महाल भागात माझे वडील ओट्यावर खेळायचे. अंधार पडला, समोरच्याला घरून हाक आली, की पट मिटायचा. आता समोरचा उठला तर दुसरा तयार असतो. जगात कुठे ना कुठे सकाळ असतेच. डावाला शेवट आहे, खेळण्याला नाही. तो ज्याचा त्याने आणायचा.

भाची : आणि आणता आला नाही तर? जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराची नोंद आपल्या रोगसूचीत केली, ती सूची १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणं आणि नुकसान दिसत असूनही खेळतच राहणं, ही त्याची लक्षणं.

मामा : मी आजारी नाही, पोरी. पेन्शन आणतो, औषधं घेतो, नातवाला शाळेत सोडतो. आणि एक पैसा लावत नाही. सरकारनेही रेष पैशावरच ओढली ना?

भाची : हो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा झाला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी, ई-स्पोर्ट्सना मान्यता. कायद्याला रेष कुठे तरी ओढावीच लागते. पण पैसा नाही म्हणजे पणाला काहीच नाही, असं नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं सूक्त आहे. आता जाणार नाही असं तो ठरवतो, आणि फाशांचा आवाज ऐकू आला की निघतोच. त्याला पैसा गेल्याचं दुःख आहेच, पण घर दुरावल्याचंही आहे.

मामा : माझं घर कुठे दुरावलं?

भाची : मामी साडेपाचला उठते, तुम्ही नऊला. फुटाळा तलावावरचं दोघांचं फिरणं बंद झालं. सकाळचा चहा ती एकटी घेते. द्रौपदीने सभेत निरोप्याकरवी विचारलं होतं, युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? स्वतःला हरलेल्याला दुसऱ्याला पणाला लावायचा हक्क उरतो का? भीष्मांनाही उत्तर देता आलं नाही. कायदा शिकताना मला वाटायचं, हा मालकीचा प्रश्न आहे. आता वाटतं, तो प्रत्येक खेळणाऱ्याला लागू आहे. रात्री एक वाजता तुमचा स्वतःवर ताबा नसतो, हे तुम्हीच आत्ता गणिताने सिद्ध केलं. त्या अवस्थेत तुम्ही मामीची सकाळ लावता.

मामा : (थांबून) आता माझं ऐक. ग्रुपमध्ये एक पोरगा आहे. वसतिगृहात राहतो, दिवसभर कोणाशी बोलत नाही. बारानंतर येतो. माझ्याशी खेळतो, दोन-चार वाक्यं बोलतो, कधी हसतो. मी बाराच्या आत उठलो तर त्याच्या वाटचं काढून घेईन. मामीला मी आहे, तू आहेस, शेजार आहे. त्याला कोण आहे? तुझ्या न्यायाने तोही वाटेकरी आहे.

भाची : आहे. याचं उत्तर मला सोपं वाटत नाही. रक्ताचं म्हणून मामीचा हक्क मोठा, असं म्हणायला मी धजणार नाही. एकच विचारते. इतक्या रात्रींत तुम्ही त्याला कधी म्हणाले, "जा, झोप आता"?

मामा : नाही.

भाची : का नाही?

मामा : तो गेला असता तर माझा डाव राहिला असता.

भाची : मग तुम्ही त्याला सोबत देत होते, की त्याच्या एकटेपणाचं निमित्त करून खेळत होते?

मामा : दोन्ही. खरंच दोन्ही. पण तू म्हणतेस तो कस मला पटला. ज्याला माझी काळजी आहे तो कधी तरी मला उठवेल. संकेतस्थळ उठवणार नाही, त्याला माझी काळजी नाही. मी त्या पोराला उठवलं नाही, म्हणजे तेवढ्या वेळापुरता मीही त्याच्यासाठी संकेतस्थळच झालो.

भाची : म्हणून त्याला सोडायचं असं नाही. दिवसाला एक चाल, असाही खेळ असतो ना?

मामा : असतो. डाव आठवडेच्या आठवडे चालतो. त्याच्याशी तसा लावतो. चालीसोबत जेवलास का, झोपलास का, तेही विचारता येईल. झटपट डाव दहापर्यंत, आणि किती खेळणार ते ग्रुपला आधीच सांगून. एकट्याने मनात केलेला निश्चय त्या सूक्तातल्या जुगाऱ्यानेही केला होता. चार जणांना सांगितलेला शब्द मोडायला जड जातो.

भाची : आणि उरलेला वेळ, जो खरोखर तुमच्या एकट्याचा आहे, त्याचा हिशेब कोणी मागू नये. मीही नाही. त्यात सुधारा किंवा सुधारू नका, वजीर घालवा आणि हसा. द्रौपदीने युधिष्ठिराला खेळलास का, असं विचारलं नव्हतं. कशाच्या जोरावर मला लावलंस, एवढंच विचारलं होतं.

मामा : दहा वाजता उठायचं, हेही मीच ठरवलं ना पण आत्ता? तिचा वाटा किती, ते तिला न विचारता मी ठरवणं म्हणजे पुन्हा परस्पर तिला लावणंच झालं. मामी उठू दे. वेळ ती सांगेल.