मेंढरे कशासाठी मोजावी?

भेस्तानमध्ये आमची बुधवारची प्रार्थनासभा ज्या घरी भरते, त्या घराच्या भिंतीपलीकडे लूम चालतात. बारा तासांची दिवसपाळी सुटते आणि बारा तासांची रातपाळी लागते. खटखट काही थांबत नाही. गीत म्हणताना आवाज चढवावा लागतो, आणि जो हळू प्रार्थना करतो त्याची प्रार्थना देवाला ऐकू जाते, शेजारच्याला नाही. गावाहून नवीन आलेल्या माणसाला पहिले काही दिवस झोप लागत नाही. म्हणून काही वर्षांपूर्वी नवापूरकडून आलेल्या एका कुटुंबातले चार महिन्यांचे बाळ त्या आवाजात निवांत झोपलेले पाहून आम्हां सर्वांना मोठे कौतुक वाटले. "किती गुणी लेकरू!" असे आम्ही शब्बाथशाळा चालविणारेही म्हणालो. पुढे अकराव्या महिन्यात त्याने पाऊल टाकले, तेव्हा तर सभेत त्याच्यासाठी उपकारस्तुती झाली.

त्याच गल्लीत धुळ्याकडच्या एका घरी दुसरे मूल होते. ते पंधरा महिन्यांचे झाले तरी भिंत सोडेना. त्याची आई सभेत येऊन बसते न बसते तोच कोणीतरी विचारीत असे, "काय वहिनी, अजून नाही चालत?" कोणी तेल सुचवी, कोणी विशेष प्रार्थना सुचवी, आणि एका भगिनीने तर, घरात काही लपविलेले पाप असेल तर कबूल करावे, असेही तिला ऐकविले. जन्मांधाच्या गोष्टीत शिष्यांनी प्रभूला हाच प्रश्न केला होता आणि प्रभूने त्यांना काय उत्तर दिले, हे आम्ही दर वर्षी मुलांना शिकवितो. पण त्या दिवशी त्या भगिनीला कोणी आवरले नाही. आम्हीही नाही.

ते मूल साडेसोळाव्या महिन्यात चालू लागले. आज ते गल्लीभर पळते. आणि ज्या बाळासाठी उपकारस्तुती झाली होती, त्याला ऐकू येत नाही, हे ते साडेतीन वर्षांचे झाल्यावर कळले. लूमच्या आवाजात ते शांत झोपत होते, कारण लूमचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हता.

हे नुसते चुकले असते तर लिहिण्याचे कारण नव्हते. पण दीड वर्षाचा असताना त्याच्या आईने आम्हांला विचारले होते. "बाई, हा काहीच बोलत नाही. हाक मारली तरी बघत नाही." आणि आम्ही, शिकलेसवरलेले, काय म्हणालो? "त्याचा बापही उशिरा बोलला असेल. मुलगे उशिराच बोलतात. घरात तुम्ही मावची बोलता, सभेत मराठी, गल्लीत गुजराती, त्याचे वडील लूमवर हिंदी. लेकराचा गोंधळ होणारच. प्रभूवर भरवसा ठेवा, होईल सगळे." तिने भरवसा ठेवला. प्रभूवर होताच, पण त्याहून अधिक आमच्यावर ठेवला. दोन वर्षे गेली. कानाची तपासणी झाल्यावर ती आमच्याकडे आली आणि एवढेच म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात, होईल म्हणून." आम्ही वाईट हेतूने बोललो नव्हतो, असे तेव्हा सांगता आले असते, पण ते सांगून तिला काय मिळाले असते?

त्या दिवसापासून एक प्रश्न आम्हांला सोडीत नाही. लेकरांची वाढ मोजावी काय? आपल्या मंडळ्यांत याविषयी दोन मते ऐकू येतात, आणि दोन्ही भक्तिमान माणसांची आहेत. काही म्हणतात की लेकरू ही परमेश्वराची देणगी. त्याने दिले ते आनंदाने घ्यावे, कोणत्या महिन्यात काय आले याची नोंद ठेवणे म्हणजे देणगीची किंमत विचारण्यासारखे आहे. दुसरे काही, विशेषतः ज्यांची मुले चांगल्या शाळेत जातात ते, सगळे मोजतात. बसला केव्हा, दात केव्हा आले, वचन किती पाठ झाले. आणि मोजून झाल्यावर शेजारच्या मुलाकडे पाहतात. पहिल्यांचा अविश्वास नको म्हणून डोळा मिटलेला, दुसऱ्यांचा अभिमानामुळे भलतीकडे लागलेला. आमच्या हातून एकाच गल्लीत ही दोन्ही पापे घडली.

आधी हे मोजमाप आहे तरी काय, ते पाहू. बाळ दोनेक महिन्यांचे झाले की आपल्याकडे पाहून हसते. तीन-चार महिन्यांत मान धरते. सहाव्या महिन्याच्या सुमारास मागून आवाज आला तर तिकडे वळते. नवव्या महिन्याच्या सुमारास नाव घेतले की पाहते. वर्षाचे होता होता एखादा शब्द येतो, आणि दोन वर्षांपर्यंत "आई, पाणी" अशी दोन शब्दांची जोडी बांधते. आजीला हे सगळे ठाऊक होते. तिने ते कागदावर मांडले नव्हते, इतकेच. कागदावर मांडण्याचे काम फार चिकाटीचे. आपल्या शेजारच्या बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी महिन्याच्या बाळापासून तीस महिन्यांच्या बालकापर्यंत भारतीय मुलांची वाढ वर्षानुवर्षे तपासून मापे बसविली. परदेशी मुलांवरून काढलेली मापे आपल्या मुलांना जशीच्या तशी लावायची नाहीत, हा त्यामागचा विचार. १९९१ साली बडोदा चाचणी प्रसिद्ध झाली. मोठी तपासणी कोणत्या मुलाची करायला हवी, एवढेच तीत लवकर ओळखायचे असते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात भारत, घाना, नॉर्वे, ओमान व अमेरिका या पाच देशांतील आठशेहून अधिक निरोगी मुलांची पाहणी केली. आपल्याकडची मुले दिल्लीची होती. आधाराशिवाय चालणे साधारण सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत केव्हाही येऊ शकते, असे त्यात आढळले. म्हणजे नऊ महिन्यांचा अंतराय, आणि त्यातले प्रत्येक मूल निरोगी! शंभरांपैकी चार मुले तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरीही चालू लागली. धुळ्याकडच्या त्या आईला हा एक आकडा कोणी सांगितला असता, तर तिचे कितीतरी अश्रू वाचले असते. आणि बाळ महिना-दोन महिने आधी जन्मले असेल तर दोन वर्षांपर्यंत ते महिने वयातून वजा करून पाहायचे असते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

पण याच कागदाची दुसरी बाजूही आहे. चालण्याला मोठी सवड आहे, म्हणून सगळ्याच गोष्टींना सवड आहे असे नव्हे. आवाजाकडे न वळणे, नावाला न पाहणे, आलेला शब्द नाहीसा होणे, येथे थांबून वाट पाहायची नसते. बहिरे बाळही आरंभी "आऽ, गूऽ" करते. मग ते आवाज हळूहळू विरत जातात. ते हसते, बसते, वेळेवर चालते. म्हणूनच ते सापडत नाही. घरात तीन-चार भाषा असल्याने मूल मुके राहत नाही, हेही आता पक्के ठाऊक झाले आहे. सगळ्या भाषांतले शब्द मिळून मोजायचे, एवढेच. आमचे ते कारण निव्वळ पोकळ होते, आणि ते आम्ही इतक्या खात्रीने सांगितले होते!

आता पवित्र शास्त्राकडे येऊ. शास्त्रात मोजणी दोन प्रकारची आढळते. दाविदाने इस्राएलाची मोजणी केली (२ शमुवेल २४). यवाबासारख्या कठोर सेनापतीलाही ती नको होती. त्या मोजणीत तलवार उपसणाऱ्यांचा आकडा राजापुढे ठेवला गेला. लेकरे, म्हातारे, लंगडे, आंधळे त्या आकड्यात कोठे होते? राजाला आपले बळ पाहायचे होते, अशी आमची समजूत आहे. आणि आकडा हाती आल्यावर त्याचेच मन त्याला खाऊ लागले. दुसरी मोजणी लूक १५ मधल्या मेंढपाळाची. या दाखल्यावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत, परंतु एक साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. शंभरातले एक हरवले, हे त्याला कळले कसे? त्याने मोजली म्हणून. मेंढरांवर त्याचे कितीही प्रेम असते आणि तो मोजायचे विसरला असता, तर नव्व्याण्णव घेऊन गात गात घरी गेला असता. आम्ही गेलो, तसा.

तेव्हा मोजणे हे पाप नव्हे, आणि न मोजणे हा विश्वासही नव्हे. मोजून झाल्यावर पाय कोणीकडे वळतात, हे पाहायचे. दावीद आकड्याकडे वळला, मेंढपाळ रानाकडे.

कोणी म्हणेल, बाई, सापडूनही बरे झाले नाही तर? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. लवकर सापडल्याने पुष्कळ होते. ऐकू न येण्याचे जन्मानंतर तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपाय सुरू झाला, तर बोली येण्याची आशा फार वाढते. परंतु सगळ्यांचे सगळे बरे होत नाही. काही मुले चालणार नाहीत. काही बोलणार नाहीत. त्यांच्या आईबापांपुढे हा महिन्यांचा कागद ठेवला तर तो दर महिन्याला त्यांना तेच ते दुःख वाचून दाखवील. त्यांना कागद पुरत नाही. तेथे मंडळी लागते. योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ पाच वर्षांचा असताना दाईच्या हातून पडला आणि दोन्ही पायांनी लंगडा झाला. दाविदाने त्याला बोलावून आपल्या मेजावर बसविले, आणि शास्त्र सांगते की तो तेथे नित्य जेवत असे व दोन्ही पायांनी लंगडाच होता (२ शमुवेल ९). तो बरा झाला असे कोठेही लिहिलेले नाही. ज्या राजाने पुढे तलवारी मोजल्या, त्याच्याच मेजावर तलवार न धरणारा हा माणूस बसत होता.

आपल्या शब्बाथशाळांत हे मेज आहे काय? आमच्याकडे नव्हते. वार्षिक दिनाला पाठांतराचे बक्षीस असते. न बोलणाऱ्या मुलाने त्या दिवशी काय करायचे, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. सात वर्षांच्या मुलाला शिशुवर्गात बसवून ठेवायचे, आणि त्याला आपण दया म्हणायचे! याकोब एसावाला म्हणाला होता की तू पुढे हो, माझी लेकरे कोवळी आहेत, मी त्यांच्या चालीने हळूहळू येईन (उत्पत्ति ३३). भावाशी नुकताच समेट झालेला, चारशे माणसे सोबतीला उभी, आणि हा मनुष्य सगळ्या तांड्याला लेकरांच्या पावलांनी चालवितो. आपल्या भाषेत लहान मुलाच्या तीन चाकी लाकडी गाड्याला पांगुळगाडा म्हणतात. प्रत्येक मूल काही महिने पांगळेच असते, हे त्या शब्दाने किती सहज मान्य केले आहे, आणि त्यात कोणाला लाज वाटत नाही. वर्ष उलटून गेल्यावर मात्र तोच शब्द आपण टोचून बोलायला वापरतो.

आमच्या भागात खऱ्या मेंढपाळाचे काम कोणी करीत असेल तर ती अंगणवाडीची बाई. ती आपल्या मंडळीची नाही. तिच्याजवळ आकड्यांचे कागद पुष्कळ आणि वेळ थोडा. पण ती दारोदार जाते. बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली, तिचीच ही परंपरा. आणि बोर्डी येथून फार दूर नाही, मुंबईच्या वाटेवर गुजरातची हद्द ओलांडली की आलीच. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकेही अंगणवाडीत व शाळेत मुले तपासतात. ऐकणे आणि वाढीतला विलंब, दोन्ही त्यात आहेत. पाळीवर जाणाऱ्या आईबापांची मुले नेमकी त्या दिवशी घरी कुलपाआड असतात. त्या दिवशी त्यांना तेथे घेऊन जाणे एवढे तरी आम्ही करू शकतो, आणि अलीकडे करतो.

तो मुलगा आता आठ वर्षांचा आहे. कानाला यंत्र आहे. थोडे शब्द बोलतो, बाकी हातांनी सांगतो, आणि वर्गातल्या इतर मुलांनी त्याच्या खुणा आमच्याआधी शिकून घेतल्या. मागच्या पुनरुत्थानदिनी वर्गाने वचन म्हटले ते तोंडाने आणि हातांनी, दोन्ही. हातांचा मुख्य तो होता. त्याची आई मागच्या ओळीत बसली होती. पुढे या म्हटले तरी आली नाही.

तिला दुसरी मुलगी झाली आहे. ती सात महिन्यांची झाली तेव्हा एका बुधवारी सभा संपल्यावर आई तिला घेऊन आमच्यासमोर येऊन बसली. हातात जन्मापासूनचे लशींचे व वाढीचे कार्ड होते. ती म्हणाली, "बाई, होईल म्हणू नका. बघा."

लूम चालूच होते. आम्ही बाळाच्या मागे जाऊन किल्ल्यांचा जुडगा हलविला. तिने मान वळवून पाहिले. दुसऱ्या बाजूने हलविला, तिकडेही पाहिले. आईने डोळे पुसले आणि कार्ड पिशवीत ठेवू लागली. आम्ही म्हटले की एवढ्यावर भागणार नाही, किल्ल्या म्हणजे काही तपासणी नव्हे. सोमवारी तिची रातपाळी होती, म्हणून सकाळी रुग्णालयात बाळाला घेऊन तिच्याबरोबर आमच्यापैकी एकाने जायचे ठरले.