गंगाळसागराचा घेर

आमच्या एका खेड्यांतील उपदेशक बंधूंना शाळेच्या पडवींत एका तरुणानें विचारलें, "तुमच्या शास्त्रांत गंगाळसागराचा व्यास दहा हात आणि घेर तीस हात लिहिला आहे. तुमचा देव गणितांत चुकला कीं काय?" बंधु निरुत्तर झाले. पुढें मजकडे येऊन म्हणाले, "पाळकसाहेब, मंदिरापुरतें देवानें तें प्रमाण बरोबर तीन केलें असेल, असें सांगूं काय?"

असें सांगूं नये. गाडीच्या चाकास धांव चढविणाऱ्या लोहारास विचारा. ४८ इंच रुंदीच्या चाकास त्यानें तिप्पट, म्हणजे १४४ इंच, पट्टी कापली, तर ती जवळजवळ सात इंच तोकडी पडेल. चाक आपल्या गांवचें असो कीं शलमोनाच्या रथाचें असो, तूट तितकीच. आर्यभटानें इ. स. ४९९ मध्यें २०,००० व्यासास ६२,८३२ परीघ सांगितला, आणि तोहि 'आसन्न', म्हणजे जवळचा, असें म्हटलें. कोणत्याहि अपूर्णांकानें ही संख्या पुरती मांडतां येत नाहीं, हें लांबर्ट यानें १७६१ सालीं सिद्ध केलें.

१८९७ सालीं अमेरिकेंतील इंडियाना संस्थानाच्या कायदेमंडळांत एक मसुदा आला. त्यावरून हें प्रमाण ३.२ निघत होतें. खालच्या सभागृहानें तो ६७ विरुद्ध शून्य मतांनीं मंजूर केला. वरच्या सभागृहानें बेमुदत तहकूब ठेविला. सदुसष्ट मतें पडलीं, तरी एकाहि चाकाचा घेर त्यामुळें वाढला नाहीं!

तथापि एक गोष्ट लपवूं नये. हें प्रमाण सपाट जागेचें आहे. पृथ्वी अगदीं गोल धरून, उत्तर ध्रुव मध्य मानून, विषुववृत्ताचा व्यास जमिनीवरूनच मोजला, तर तो व्यास म्हणजे पृथ्वीचा अर्धा वळसा होय. तेव्हां घेर व्यासाच्या केवळ दुप्पट भरतो. मग स्थिर तें काय राहिलें? माझ्या समजुतीप्रमाणें येथें जागा बदलली, संख्या नाहीं. पृथ्वीच्या पोटांतून सरळ व्यास धरा. तीच जुनी संख्या पुन्हां हजर.

मग ही संख्या देवाहून वरचढ काय? देकार्त यानें १६३० मध्यें लिहिलें कीं, राजा कायदे करितो तशीं हीं सत्येंहि देवानें आपल्या इच्छेनें ठरविलीं. लाइब्निट्झ यास तें पटलें नाहीं, व मलाहि पटत नाहीं. सत्य हा नुसता हुकूम असता, तर उद्यां लबाडीहि हुकुमानें पवित्र ठरती. गणिताचें सत्य देवावर कोणी लादलेलें नाहीं. तें त्याच्याच ज्ञानांतलें आहे.

कोणी कांठाच्या जाडीवरून गंगाळाचा हिशेब जुळवितात. जुळत असेल, मी त्यावर भिस्त ठेवीत नाहीं. आपण विहिरीचा घेर सांगतों तसें तें माप मोघम पूर्णांकांत दिलें आहे, इतकेंच त्या तरुणास सांगा, असें मीं बंधूंस म्हटलें. त्यांनीं तसें केलें. त्यावर त्यानें लगेच विचारलें, "मग बाकीचें शास्त्रहि मोघमच काय?"

हा प्रश्न वर्तुळाचा नव्हे, आणि पडवींत उभ्या उभ्या उत्तर देण्याचाहि नव्हे. येत्या रविवारीं दोघेहि मजकडे यावयाचे आहेत.