सजीवाचे लक्षण आणि चिन्ह

जे हालते, वाढते आणि प्रसवते ते सजीव, असे सामान्यतः सांगितले जाते. व्यवहारापुरते ते ठीक आहे. परंतु लक्षण हे लक्ष्यात सर्वत्र असावे लागते व लक्ष्याबाहेर कोठेही असता कामा नये. या कसोटीवर वरील तिन्ही गोष्टी उतरत नाहीत. वणवा पुढे सरकतो, वाढतो, एका ठिणगीपासून दुसरा वणवा उत्पन्न होतो; तो इंधन खातो आणि राख मागे टाकतो. ही अतिव्याप्ती झाली. उलट, खेचराला सहसा संतती होत नाही. म्हणून त्याला कोणी निर्जीव म्हणत नाही. ही अव्याप्ती.

येथे एक भेद प्रथम ध्यानात घ्यावयास हवा. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर या चार पदार्थांच्या विचारात देह हा प्रपंचाकडचा. प्रयोगशाळेत तपासला जातो तो हा देहच. जीवाच्या स्वरूपाचा निर्णय तेथे होत नाही.

देहापुरते पाहता आजचे जीवशास्त्र पेशींची रचना, चयापचय, स्वतःची डागडुजी आणि आनुवंशिकता यांवर भर देते. वणवा स्वतःची रचना दुरुस्त करीत नाही, म्हणून तो येथे बाहेर पडतो. मात्र अडचण संपत नाही. 1935 साली स्टॅन्ली यांनी तंबाखूच्या पानावरील रोगाचा विषाणू स्फटिकरूपात वेगळा केला. बाटलीत ठेवला तर तो मिठाच्या खड्यासारखा पडून राहतो. जिवंत पानावर चोळला तर त्याच्या असंख्य प्रती तयार होतात. त्याला आनुवंशिकता आहे, परंतु स्वतःचा चयापचय नाही.

याहून विचार करावयास लावणारे उदाहरण खजुराच्या बियांचे आहे. इस्रायलमधील मसादा येथील उत्खननात 1960 नंतरच्या दशकात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या खजुराच्या बिया सापडल्या. त्यांतील तीन 2005 साली पेरण्यात आल्या, एक उगवली. दोन हजार वर्षे ती हालली नव्हती, वाढली नव्हती. तिच्यातील घडामोड जवळजवळ थांबलेली होती. पेरणीच्या आदल्या दिवशी तिन्ही बिया परीक्षकाच्या तळहातावर ठेविल्या असत्या, तर ‘जिवंत’ कोणती, हे त्याने कशावरून सांगितले असते? हालचाल, वाढ, प्रतिसाद ही सजीवत्वाची चिन्हे होत, लक्षण नव्हेत. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो, हे न्यायशास्त्रातील प्रसिद्ध उदाहरण येथे तंतोतंत लागू पडते.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्याने जो विव्हळतो, पळतो त्याच्यापुरतेच व्रत ठेविले, तर त्याची मर्यादा चिन्हांनी आखली, असे होईल.

रुग्णालयात याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. तेथे चिन्ह असते. यंत्राच्या साह्याने छाती वरखाली होते, हृदय चालते, हात ऊबदार लागतो, आणि तरीही वैद्य आप्तांना मृत्यू झाल्याचे सांगतात. भारतात 1994 च्या अवयव-प्रत्यारोपण कायद्याने मस्तिष्कस्तंभाच्या मृत्यूस मान्यता दिली. हा निर्णय एकट्या वैद्याचा नसतो. चार जणांचे मंडळ तो देते, आणि चाचण्या किमान सहा तासांच्या अंतराने दुसऱ्यांदा कराव्या लागतात. त्या देहातील मूत्रपिंड अद्याप जिवंत असते. तसे नसते तर ते दुसऱ्याला उपयोगीच पडले नसते. मृत कोण आणि जिवंत काय, यांची उत्तरे एकाच खाटेवर वेगवेगळी मिळतात. ती सहा तासांची वाट आप्तांना क्रूर वाटते. पण घाईने दिलेला निर्णय परत घेता येत नाही, म्हणूनच ती ठेविली आहे.